साइटवर स्वतःचा प्लॉटर की शहरातले प्रिंटिंग सेंटर? एमईपी ड्रॉइंगच्या छपाईचा नाशिकपुरता तुलनात्मक आढावा

पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबाद किंवा गंगापूर रोडला एखाद्या मोठ्या इमारतीचे काम सुरू झाले की साइट ऑफिसच्या खरेदीच्या यादीत खुर्च्या, टेबल आणि इन्व्हर्टर यांच्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. ड्रॉइंग छापण्यासाठी प्लॉटर (मोठ्या आकाराच्या कागदावर छापणारा प्रिंटर) घ्यावा, की कॉलेज रोड-शरणपूर रोड भागातल्या प्रिंटिंग सेंटरवरच काम भागवावे? आर्किटेक्चर आणि आरसीसीच्या ड्रॉइंगपुरता हा प्रश्न फारसा अवघड नाही. यांत्रिकी, विद्युत आणि प्लंबिंग, म्हणजे ज्याला आपण सगळे एमईपी म्हणतो, त्या ड्रॉइंगसाठी मात्र तो नीट बसून सोडवावा लागतो. मी गेली १८ वर्षे नाशिक आणि सिन्नर परिसरात एमईपी समन्वयाचे काम करतो आणि दोन्ही पद्धतींनी साइट चालवल्या आहेत. ज्या कंत्राटदाराला किंवा प्रोजेक्ट इंजिनिअरला येत्या महिन्याभरात हा निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

एमईपी ड्रॉइंगचे वेगळेपण असे की त्यात एकाच कागदावर दोन चित्रे असतात. खाली आर्किटेक्टच्या भिंती, दरवाजे आणि ग्रिड असतात आणि त्यांच्यावर आपले पाइप, डक्ट, केबल ट्रे आणि स्प्रिंकलर असतात. खालचे चित्र फिकट राखाडी आणि वरचे ठळक आले, तरच प्लंबरला पाइप कुठे वळतो ते दिसते. दुसरे म्हणजे ही ड्रॉइंग सतत बदलतात. बीमची खोली वाढली, फॉल्स सीलिंग खाली आले किंवा मालकांनी एसीची पद्धत बदलली, की त्याचा फटका प्रथम आमच्या शीटला बसतो. सळईचे ड्रॉइंग स्लॅब भरला की संपते, आमचे ड्रॉइंग मात्र फिनिशिंगपर्यंत जिवंत राहते.

आधी किती कागद लागणार याचा अंदाज घ्यावा. तळमजला अधिक सात मजल्यांचे एक रुग्णालय धरू. प्रत्येक मजल्यासाठी पाणी व ड्रेनेज, अग्निशमन, एचव्हीएसी (एसी व हवा खेळवणे), लाइट व पॉवर, डेटा-सीसीटीव्ही-फायर अलार्म आणि सर्व सेवांचे एकत्रित समन्वय ड्रॉइंग असे सहा प्रकार धरले, तर आठ पातळ्यांच्या ४८ शीट होतात. टेरेस, शाफ्ट (पाइप-केबलसाठीची उभी पोकळी), टॉयलेटचे तपशील, पंप रूम आणि सिंगल लाइन डायग्राम (वीजपुरवठ्याचा एकरेषी आराखडा) मिळून आणखी २२ धरल्या, तर संच ७० शीटचा होतो. पाच प्रती म्हणजे ३५० प्रिंट. पुढे निम्म्या संचाची तीन रिव्हिजन (सुधारित आवृत्त्या) आली, तर ३५ गुणिले ५ गुणिले ३, म्हणजे ५२५ प्रिंटची भर पडते आणि एकूण आकडा ८७५ होतो. ए१ शीट अर्ध्या चौरस मीटरची असल्यामुळे ८० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदावर ती ४० ग्रॅम भरते. म्हणजे एका प्रकल्पात सुमारे ३५ किलो कागद फक्त या ड्रॉइंगचा होतो.

सेंटरवरून प्रिंट आणण्याची बाजू

सेंटरवरचे मोठे यंत्र बहुधा टोनरचे असते आणि एका मोठ्या संचासाठी त्याच्याशी साइटवरचा छोटा प्लॉटर बरोबरी करू शकत नाही. टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, त्यामुळे पावसाचे चार थेंब पडले तरी रेषा फुटत नाही. त्र्यंबकच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला याची किंमत ठाऊक आहे. छपाईचा वेग मोठा, ट्रिमिंग आणि घडी तिथेच होते, आणि यंत्र बंद पडले तर ती डोकेदुखी आपली नसते. पहिला जीएफसी संच, म्हणजे बांधकामासाठी मंजूर झालेला संच, मी आजही सेंटरवरच छापून घेतो आणि ज्याच्या ऑफिसात स्वतःचा प्लॉटर आहे त्यालाही हाच सल्ला देतो.

अडचण सुरू होते ती रिव्हिजनपासून. साइट सिन्नरला असेल तर शहर साधारण ३० किलोमीटर दूर पडते. पाथर्डी फाट्यावरून निघालेला मुलगासुद्धा मुंबई नाक्याच्या गर्दीतून जाऊन, रांगेत थांबून, प्रिंट घेऊन परत येईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. एका शीटसाठी कोणी अर्धा दिवस घालवत नाही, मग चार-पाच बदल साठेपर्यंत वाट पाहिली जाते, आणि त्या वाट पाहण्याच्या काळात साइटवर जुन्या ड्रॉइंगनुसार काम चालू राहते.

दुसरी अडचण फाइलची आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही म्हणून जास्त धोक्याची आहे. गंगापूर रोडच्या एका कामावर आमच्या टॉयलेट डिटेलच्या शीट एका सेंटरवर छापल्या गेल्या. काउंटरवरच्या ऑपरेटरने छापताना 'कागदात बसवा' हा पर्याय तसाच राहू दिला आणि शीट सुमारे चार टक्क्यांनी आक्रसून आली. नजरेला काहीच कळत नव्हते, कारण चौकट, नाव आणि शिक्का सगळे जागच्या जागी होते. आमच्याकडूनही चूक होती: कमोडच्या आउटलेटचे भिंतीपासूनचे एक अंतर आकड्यात लिहिलेले नव्हते. प्लंबरने स्केलपट्टी लावून ते मोजले, १५०० मिलिमीटरच्या जागी त्याला १४४० मिळाले आणि त्याने स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये आधीच ठेवायची नळी) ६० मिलिमीटर अलीकडे बसवली. स्लॅब भरला. दोन टॉयलेटमध्ये पुन्हा कोअर कटिंग (यंत्राने काँक्रीटला गोल भोक पाडणे) करावे लागले. कोअर मशीनचा तो आवाज आणि खालच्या मजल्यावर ओघळणारे सिमेंटचे पाणी मला अजून आठवते. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक पट्टी असते आणि प्रिंट हातात आली की आधी ती पोलादी पट्टीने मोजली जाते.

सेंटरला डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ) फाइल कधीही देऊ नये, पीडीएफ द्यावी. याचे कारण फक्त फॉन्ट किंवा एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेली दुसरी फाइल) हरवणे एवढेच नाही. ऑटोकॅडमध्ये छपाईच्या वेळी कोणती सीटीबी फाइल निवडली यावर रेषेचा रंग आणि जाडी ठरते. सेंटरवाल्याने घाईत मोनोक्रोम सीटीबी निवडली, तर आर्किटेक्टच्या ज्या भिंती आपण राखाडी ठेवल्या होत्या त्याही पाइपाइतक्याच काळ्याकुट्ट येतात. भिंत, पाइप आणि ग्रिड एका तोलाचे झाले की ते ड्रॉइंग वाचणाऱ्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. पीडीएफ आपल्या ऑफिसातून निघाली की हे सगळे त्यात पक्के होते. फाइलच्या नावात शीट क्रमांक, रिव्हिजन आणि तारीख असावी, आणि मागची फाइल सेंटरच्या संगणकावरून पुसायला सांगावे, कारण 'मागच्या वेळचेच ना?' असे म्हणून जुनी रिव्हिजन छापून दिल्याचे प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत.

स्वतःच्या प्लॉटरची बाजू

साइटसाठी जे प्लॉटर घेतले जातात ते इंकजेट असतात आणि मुख्यतः दोन रुंदींत मिळतात: २४ इंच आणि ३६ इंच. ए१ शीटची अरुंद बाजू ५९४ मिलिमीटर असल्याने ती २४ इंची म्हणजे ६१० मिलिमीटरच्या रोलवर बसते आणि ५० मीटरच्या रोलमधून हिशोबाने ५९ शीट निघतात. ३६ इंची, म्हणजे ९१४ मिलिमीटरच्या रोलवर तीच शीट आडवी बसते, तेव्हा ८४ निघतात. वाया जाणारे कागद धरून ८० म्हटले, तरी वरच्या उदाहरणातल्या ८७५ प्रिंटना ११ रोल लागतात. ए० शीट हवी असेल तर ३६ इंची यंत्राला पर्याय नाही. पण एमईपीचे काम ए१ वर नीट बसते, ए० फक्त मोठ्या तळघराच्या किंवा साइट लेआउटच्या शीटला लागते, आणि अशा चार शीटसाठी मोठे यंत्र घेणे मला पटत नाही.

आता पैशांचा हिशोब. समजा, यंत्राची किंमत पाच वर्षांवर विभागून, त्यात देखभाल आणि वीज धरून दरमहा ठरीव खर्च ६,००० रुपये येतो, आणि सेंटरचा दर व आपला कागद-शाईचा खर्च यांत प्रतिशीट ४० रुपयांची तफावत आहे. तर महिन्याला १५० शीट छापल्या तरच यंत्र स्वतःचा खर्च भरून काढते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपल्या भागातले दर घालून हाच भागाकार करावा. आपले रुग्णालय १८ महिन्यांत ८७५ प्रिंट मागते, म्हणजे महिन्याला सरासरी ४९. केवळ शीटच्या दराने पाहिले तर एका प्रकल्पासाठी प्लॉटर परवडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो, कारण यंत्र विकणारा ते सांगणार नाही. रंगीत शीटचे प्रमाण मोठे असेल तर हिशोब बराच बदलतो, कारण सेंटरवर रंगीत प्रिंटचा दर काळ्या-पांढऱ्याच्या कितीतरी पट असतो. दोन-तीन साइट एका यंत्रावर चालत असतील तरीही तो बदलतो.

तरीसुद्धा मी दोन साइटवर प्लॉटर घेतला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या पैशांत मला वेळ मिळाला. स्लॅबचे काँक्रीट सकाळी सात वाजता सुरू होणार आणि आदल्या संध्याकाळी सल्लागाराकडून दोन स्लीव्ह सरकवल्याची सुधारित शीट आली, अशी वेळ प्रत्येक इमारतीत येते. त्या वेळी सेंटर बंद झालेले असते. साइटवर यंत्र असेल तर अर्ध्या तासात छापलेली, सहीची प्रत शटरिंगवर पोहोचते. एका मोठ्या कोअर कटिंगचा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करण्याचा आणि सळई कापली गेली तर स्ट्रक्चरल सल्लागारासमोर उभे राहण्याचा खर्च कोणत्याही शीटच्या दरात मावत नाही.

यंत्र घेतले तर ते सांभाळावे लागते, आणि नाशिकचे हवामान त्याला सोपे नाही. पत्र्याच्या साइट ऑफिसात एप्रिल-मेची कोरडी उष्णता आणि कटरची धूळ या दोन्हींमुळे प्रिंटहेडची छिद्रे बुजतात. यंत्र आठवडाभर बंद ठेवले तर सुरू होताना ते हेड साफ करण्यासाठी बरीच शाई खर्च करते, म्हणून रात्रीही ते पूर्ण बंद न करता स्टँडबायवर ठेवावे आणि आठवड्यातून दोनदा तरी सर्व रंग असलेली एक चाचणी शीट काढावी. जूनपासून कागदाचा रोल ओल धरतो, कडा फुगतात आणि कागद आत जाताना तिरका होतो. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून वर ठेवावा. यंत्रासाठी पक्क्या भिंतींची एखादी खोली, निदान प्लायचे बंद केबिन, मिळत नसेल तर खरेदीचा विचार सोडून द्यावा.

शाईचा प्रकार खरेदीआधी विचारावा. बऱ्याच छोट्या प्लॉटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (रंगाच्या बारीक कणांची) आणि रंगीत शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) असते. डायची शाई ओल्या बोटानेही पसरते, म्हणजे नेमकी निळी पाण्याची लाइन आणि लाल अग्निशमनाची लाइन पावसात वाहून जाते. सर्व रंग पिगमेंटचे असलेली यंत्रेही मिळतात आणि एमईपीसाठी तीच घ्यावीत. दुकानातच एक रंगीत प्रिंट काढून, दोन मिनिटांनी ओले बोट फिरवून पाहावे.

रंगीत की काळी-पांढरी

प्लॉटर की सेंटर यापेक्षाही मला हा निर्णय अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे एक वयस्कर फोरमन होते, त्यांना सगळे मामा म्हणत. समन्वय ड्रॉइंगची काळी-पांढरी प्रत हातात पडली की ते चहाच्या वेळेत टेबलावर ती पसरून स्केच पेनांचे पाकीट उघडत. अग्निशमन लाल, पाणी निळे, ड्रेनेज तपकिरी, केबल ट्रे हिरवा. एकदा ते मला म्हणाले, "साहेब, रंगीत द्या, नाहीतर मला रंगवायला एक दिवस द्या. पोरांना काळ्यात काळं कळत नाही." त्यांच्या रंगवण्यात एकदा चिल्ड वॉटरची (एसीच्या थंड पाण्याची) जाणारी आणि परतीची लाइन उलट रंगली गेली. व्हॉल्व्ह बसवण्याआधी ते लक्षात आले म्हणून निभावले. त्या दिवशी मी ठरवले की समन्वयाची शीट रंगीतच छापायची, कितीही दर असो.

पण प्रत्येक शीट रंगीत छापणे हा उपाय नाही. ज्या शीटवर एकच सेवा आहे, तिथे राखाडी भिंतींवर काळा पाइप उत्तम दिसतो आणि वेगवेगळ्या तुटक रेषांनी सॉइल, वेस्ट आणि व्हेंट (मैला, सांडपाणी आणि हवेचे पाइप) ओळखता येतात. रंगीत छापताना उलट एक धोका आहे: संगणकाच्या काळ्या पडद्यावर उठून दिसणारा पिवळा आणि फिकट निळा पांढऱ्या कागदावर जवळजवळ अदृश्य होतो. ज्या ड्राफ्ट्समनने पिवळ्या रंगात कंड्युट (वायरच्या नळ्या) काढले असतील, त्याची शीट वायरमनच्या हाती कोरीच पोहोचते. महापालिकेकडे जाणाऱ्या मंजुरीच्या नकाशांचे संकेत वेगळे असतात. तिथे ड्रेनेज लाल तुटक आणि पाणीपुरवठा बारीक काळ्या तुटक रेषेने दाखवण्याची पद्धत आहे, आणि ते रंग साइटच्या रंगांशी मिसळू नयेत. कोणत्याही रंगीत संचावर रंगांची सूची शीटच्या उजव्या बाजूला असायलाच हवी.

एक काळजी मी नेहमी घेतो. रंगीत शीटची पुढे कोणीतरी काळी-पांढरी झेरॉक्स काढणारच, म्हणून रंगाबरोबर रेषेचा प्रकार आणि पाइपवरचे अक्षर, दोन्ही ठेवावेत. रंग गेला तरी अर्थ टिकतो.

ए१ की ए३

साइटवर ए३ ची पुस्तिका फार सोयीची असते: खिशात नाही, पण बगलेत मावते, पायाडावर नेता येते आणि ऑफिसच्या साध्या प्रिंटरवर निघते. मोजमापासाठी मात्र ती वापरू नये. ए१ वरून ए३ केली की लांबी निम्मी होते आणि १:१०० चे ड्रॉइंग १:२०० होते. ११० मिलिमीटरचा ड्रेनेज पाइप ए१ वर १.१ मिलिमीटर रुंद दिसतो, ए३ वर तो जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो आणि त्याच्या दोन कडा एकमेकींत मिसळतात. अक्षरांचेही तसेच. अक्षरांच्या प्रमाण उंची १.८, २.५, ३.५ आणि ५ मिलिमीटर अशा ठरवलेल्या आहेत, त्या कागदाच्या आकारांच्याच प्रमाणात वाढतात. ए१ वर ३.५ मिलिमीटरची अक्षरे असतील तर ए३ वर ती सुमारे १.८ ची होऊन वाचता येतात. २.५ ची असतील तर सव्वा मिलिमीटरची होतात आणि संध्याकाळच्या उजेडात मिस्त्रींना ६ आणि ८ यांतला फरक कळत नाही. पुस्तिका काढायची असेल तर ड्राफ्ट्समनला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

टॅबलेटचा पर्याय हल्ली बरेच जण सुचवतात. शाफ्टमधला एखादा सेक्शन मोठा करून पाहायला, मागची रिव्हिजन शोधायला आणि फोटो जोडायला तो चांगला आहे. पण उन्हात पडदा दिसत नाही, सिमेंटच्या हातांनी तो चालत नाही, आणि फिटर, वायरमन, प्लंबर असे तिघे-चौघे एका कागदाभोवती वाकून जे भांडण मिटवतात ते सात इंची पडद्यावर मिटत नाही. सहीशिक्क्याची प्रतही शेवटी कागदावरच मागितली जाते.

कागदाबद्दल थोडक्यात: साइटसाठी ८० जीएसएमचा बाँड पुरे आहे. पॅनेल रूममध्ये लावायचा सिंगल लाइन डायग्राम लॅमिनेट करावा. काम संपल्यावर मालकांना द्यायचा अॅज-बिल्ट (प्रत्यक्ष जसे बांधले तसे दाखवणारा) संच मात्र पॉलिस्टर फिल्मवर काढावा, कारण वीस वर्षांनी गळती शोधणाऱ्या माणसाला तोच उपयोगी पडणार आहे.

निर्णय कसा घ्यावा

एकच इमारत, शहरातली साइट आणि निवासी काम असेल, जिथे मजले एकसारखे असल्याने शीट कमी लागतात, तर सेंटरच योग्य. तिथे एका सेंटरशी महिन्याचे खाते ठेवावे, समन्वयाच्या शीट रंगीत आणि बाकीच्या काळ्या-पांढऱ्या घ्याव्यात, आणि ए३ साठी ऑफिसात साधा प्रिंटर ठेवावा. सिन्नर, गोंदे किंवा दिंडोरीकडचा कारखाना असेल, किंवा रुग्णालय, हॉटेल असे सेवांनी भरलेले काम असेल, तर २४ इंची पिगमेंट शाईचा प्लॉटर साइटवर ठेवावा आणि पहिला मोठा संच तरीही सेंटरवर छापावा. ३५० शीट प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या हिशोबानेच तीन तास खातात, आणि छोट्या यंत्रासमोर एक माणूस कागद उचलत दिवसभर उभा राहतो. दोन-तीन साइट एकाच वेळी चालवणाऱ्या कंत्राटदाराने ३६ इंची यंत्र मुख्य ऑफिसात ठेवावे.

यंत्र घेणाऱ्याने त्याच दिवशी एक वहीही घ्यावी. घरचा प्लॉटर असला की कोणीही कधीही प्रिंट काढतो आणि महिन्याभरात एकाच शीटच्या तीन रिव्हिजन साइटवर फिरू लागतात. सेंटरवर जाण्याचा त्रास निदान ही शिस्त आपोआप लावतो. वहीत शीट क्रमांक, रिव्हिजन, तारीख, कोणाला दिली आणि जुनी प्रत परत आली का, एवढे पाच रकाने पुरतात. परत आलेल्या प्रतीवर लाल शिक्का मारून ती वेगळ्या खोक्यात ठेवावी. नवी शीट देणारा आणि जुनी परत घेणारा माणूस एकच असावा.

निर्णय घेण्यापूर्वी एक चाचणी करता येते. आपल्या सर्वांत गर्दीच्या कॉरिडॉरची समन्वय शीट निवडावी, तिच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची पट्टी आणि सव्वा, १.८ व अडीच मिलिमीटरच्या अक्षरांची एकेक ओळ ठेवावी, आणि एकच पीडीएफ जवळच्या दोन सेंटरवर व विक्रेत्याच्या डेमो यंत्रावर छापून घ्यावी. तिन्ही प्रती पट्टीने मोजाव्यात, ओल्या बोटाने पुसून पाहाव्यात आणि फोरमनच्या हाती द्याव्यात. तो ज्या प्रतीवर बोट ठेवून न अडखळता पाइपचा माग काढेल, ती प्रत निवडावी.